फटफटीची गाळणी

चहाची नवी गाळणी घ्यायची झाली, तर घरातली बाई ती दुकानातच उजेडाकडे धरून पाहते. जाळी मोकळी असेल तर चहात भुकटी उतरते. फार दाट असेल तर चहा वरच साचतो आणि कडेने ओघळून जातो. गाळणीची कड आपल्या भांड्यावर नीट बसेल का, हेही ती पाहते. मोकळी नको, दाट नको आणि मापात हवी, एवढे तिला पक्के ठाऊक असते. पण त्याच घराच्या दारात उभ्या असलेल्या जुन्या फटफटीचा ऑइल फिल्टर आणायचा झाला की कर्ता पुरुष दुकानात जाऊन म्हणतो, "बुलेटचा फिल्टर द्या. कोणताही चालेल." दहा-वीस रुपयांच्या गाळणीला जी चौकशी मिळते, ती इंजिनाच्या गाळणीला का मिळू नये?

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत घटकाभर उभे राहिले, तर नव्या गाड्यांच्या गर्दीतून एखादी जुनी बुलेट, राजदूत किंवा येझदी अजूनही आवाज करीत जाताना दिसते. काही गाड्या वडिलांची आठवण म्हणून जपलेल्या असतात, काही हौसेने विकत घेऊन नव्याने रंगवलेल्या. आणि काही अजूनही दुधाचे कॅन आणि पेंडीची पोती वाहत असतात. हौशी माणसाचे इंजिन बसले तर त्याचा रविवार जातो. दूधवाल्याचे बसले तर घरची मिळकत थांबते. म्हणून हा विषय केवळ शौकिनांचा नाही.

आधी गाडी ओळखा

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या गाडीला ऑइल फिल्टर आहे का, हेच पुष्कळांना माहीत नसते. राजदूत १७५ किंवा जुनी येझदी यांची इंजिने दोन स्ट्रोकची. त्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे; ते आपले काम करून धुराबरोबर जळून जाते. जे तेल फिरून परत येतच नाही, ते गाळणार कसे? या गाड्यांच्या इंजिनाला ऑइल फिल्टर नसतो. तेथे जपायचे ते तेल-पेट्रोलचे प्रमाण आणि गिअरबॉक्सचे वेगळे तेल.

१९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडाच्या सीडी १०० चा प्रकार तिसराच. इंजिन चार स्ट्रोकचे, पण त्यात बदलायचा कागदी फिल्टर नाही. एक तारेची जाळी असते आणि क्रँकच्या टोकाला फिरणारी एक वाटी असते. वाटी वेगाने फिरली की तेलातला जड गाळ तिच्या कडेला चिकटून बसतो, साधारण ताक घुसळताना लोणी वेगळे व्हावे तसा. ही जाळी आणि वाटी वेळोवेळी उघडून धुवायची असते. या गाडीची जाहिरात पेट्रोल भरा आणि विसरून जा असे सांगत असे. लोक पेट्रोलबरोबर तेलही विसरले आणि वाटीतला गाळ तर कुणाच्या ध्यानीमनीही राहिला नाही.

राहिली बुलेट. मद्रासला १९५५ मध्ये एनफिल्ड इंडिया सुरू झाली आणि मूळ इंग्लंडची ही गाडी आपली झाली. बिडाच्या इंजिनाची ती जुनी बुलेट २००९ च्या सुमारास मागे पडली आणि कंपनीने इंजिन व गिअरबॉक्स एकाच पेटीत असलेले नवे इंजिन आणले. दोन्हींची नावे सारखी. पण आतली रचना निराळी आणि फिल्टरही निराळा. "बुलेटचा फिल्टर द्या" या वाक्यात नेमकी हीच अडचण आहे. कोणत्या बुलेटचा, हे सांगितल्याशिवाय त्या मागणीला अर्थ नाही.

दाट म्हणजे चांगली?

जुन्या बुलेटचा फिल्टर उजव्या बाजूच्या टायमिंगच्या झाकणात, एका टोपीच्या मागे बसतो. तारेच्या सांगाड्यावर नमद्याचे जाड कापड, असे त्याचे मूळचे रूप. पंपाने ढकललेले तेल या कापडातून गाळून पुढे क्रँककडे जाते आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेतल्या 'बिगेंड'ला, पोचते. या गाडीच्या बिगेंडला मुळात बुश असतो. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेलात कचरा आला तर बुश ओरखडतो, हे खरे; पण तेलच कमी आले तर तो त्याहून लवकर संपतो.

दुकानदार हल्लीचा चकचकीत, दाट घडीचा कागदी फिल्टर दाखवून सांगतो की हा जास्त बारीक गाळतो, म्हणून जास्त चांगला. नव्या इंजिनात ते खरे असेल. जुन्या बुलेटचा पंप मात्र कमी दाबाचा. त्याला जेवढे ढकलता येते तेवढेच तो ढकलतो. थंडीच्या सकाळी तेल घट्ट असते, तेव्हा दाट फिल्टरमधून ते सावकाश उतरते आणि बुश वाट पाहत राहतो. याचा अर्थ कागदी फिल्टर वाईटच असतो असा नाही. त्याच इंजिनासाठी, त्याच मापात बनवलेला आणि वेळेवर बदललेला कागदी फिल्टर चालतो. पण बारीक गाळणे हा एकच गुण पाहून निवड करू नये. गाळणे आणि वाहू देणे ही दोन्ही कामे ज्याला जमतात, तोच फिल्टर.

हा धडा आपल्या समाजाने एकदा पाण्याच्या बाबतीत शिकलेला आहे. नारूचा रोग ज्या राज्यांत होता, त्यांत महाराष्ट्रही होता. पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्यात नारूची सूक्ष्म अळी पोटात बाळगणारे बारीक कीटक असत, आणि ते पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जात. त्यावर लस नव्हती की खात्रीचे औषध नव्हते. विहिरींच्या पायऱ्या बंद करणे, पाण्यात औषध टाकणे आणि घरोघरी पाणी दुहेरी कापडातून गाळणे, अशा साध्या उपायांनी तो रोग हटला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. कापड साधेच होते. पण त्याची वीण घट्ट हवी, ते फाटके नको आणि घागरीच्या तोंडाला कडेने फट न ठेवता बांधलेले हवे. कडेने पाणी सुटले, तर मधल्या कापडाचा उपयोग काय?

इंजिनातही नेमके हेच होते. फिल्टर उंचीला थोडा कमी पडला किंवा त्याच्या टोकाची चकती वाकडी असली, तर तेल कापडातून न जाता कडेच्या फटीतून निघून जाते. गाडी चालते, आवाज येत नाही, मालक खूश असतो. आणि आत न गाळलेले तेल फिरत राहते. म्हणून नवा फिल्टर घेताना जुना सोबत न्यावा. दोन्ही शेजारी उभे करून उंची, मधले भोक आणि दोन्ही टोकांच्या चकत्या जुळवून पाहाव्यात. नमदा सगळीकडे सारखा जाड आहे का, बोट फिरवल्यावर त्याचे धागे सुटतात का, तेही पाहावे. सुटलेला धागा तेलाच्या बारीक वाटेत जाऊन बसला, तर गाळणीच कचरा झाली म्हणायची. टोपीखालचे वॉशर आणि पॅकिंगही त्याच वेळी नवे घ्यावे.

काळ्या मातीचा मुलूख

लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेने नांदेडहून लातूरला जाणारा रस्ता आता चांगला झाला आहे. पण गाडी शेवटी गावात आणि शेतात जाते. उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा, सोयाबीनच्या सुगीत मळणीयंत्राचा भुसा. ही धूळ ऑइल फिल्टर अडवत नाही. ते काम एअर फिल्टरचे. एअर फिल्टर फाटका असेल तर धूळ सिलिंडरमध्ये शिरते, पिस्टन आणि रिंगा घासते, आणि त्या घासण्यातून सुटलेला कीस तेलात उतरतो. मग सगळा भार ऑइल फिल्टरवर येतो. एअर फिल्टरकडे दुर्लक्ष करून महागडा ऑइल फिल्टर बसवणे म्हणजे दार उघडे टाकून घरभर केरसुणी फिरवणे.

जुना फिल्टर धुऊन पुन्हा वापरण्याची आपल्याकडे चाल आहे. रॉकेल मिळत होते तेव्हा रॉकेलमध्ये, आता पेट्रोल-डिझेलमध्ये. जाळीला हे चालते, कारण जाळी त्यासाठीच असते. नमद्याच्या पोटात रुतलेला कीस मात्र धुण्याने सगळा निघत नाही. दोन-अडीच लिटर नवे तेल ओतायचे आणि ते जुन्या घाणीतूनच गाळायचे, यात काटकसर कसली? त्यापेक्षा काढलेला फिल्टर ब्लेडने कापून उजेडात पाहावा. लोहचुंबकाला चिकटणारा कीस पोलादी भागांचा. न चिकटणारे पिवळसर चमकते कण दिसले तर बुशाची तब्येत बिघडली आहे. रक्ताच्या तपासणीसारखा हा अहवाल फुकट मिळतो आणि आपण तो कचऱ्यात टाकतो.

बसवण्याची पद्धतही निवडीइतकीच महत्त्वाची. फिल्टरची पोकळी रिकामी ठेवून गाडी चालू केली, तर ती भरेपर्यंत बिगेंड कोरडा फिरतो. जाणता मिस्त्री आधी त्या पोकळीत तेल भरतो, मग टोपी लावतो, गाडी मंद चालू ठेवतो आणि वर रॉकरपाशी तेल पोचले का ते पाहूनच हात पुसतो. एवढे केले तर पुढची धास्ती राहत नाही.

नाव, माप आणि पावती

"ओरिजिनल आहे" हा शब्द बाजारात फार स्वस्त झाला आहे. खोक्यावर नाव छापायला खर्च येत नाही. कंपनीचा खरा माल मिळाला तर तो घ्यावाच. पण जुन्या गाड्यांचे सगळे सुटे भाग नेहमी मिळतात असे नाही. जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये नव्याने आल्या. त्या चार स्ट्रोकच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या. नाव परतले म्हणून जुन्या गाडीचे भाग परतले असे होत नाही. म्हणून नावाच्या आधी माप पाहावे, आणि मापानंतर पावती मागावी. पावती असली तर ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पावती नसली की दुकानाच्या पायरीवर केलेले भांडण तेवढे उरते.

कुणी म्हणेल, आमच्या आजोबांनी यातले काही केले नाही, तरी गाडी चाळीस वर्षे चालली. चालली हे खरे. पण ज्या चालल्या त्याच आज आपल्याला दिसतात. ज्या बसल्या त्या केव्हाच भंगारात गेल्या. शिवाय आजोबांची गाडी एकाच मिस्त्रीच्या हाताखाली असे. तो तिचा घरचा वैद्य होता. फिल्टर कोणता, हे आजोबांना माहीत नसले तरी त्याला माहीत होते.

खरी काळजी येथेच आहे. ते मिस्त्री आता थकले. त्यांची मुले शिकली, 'लातूर पॅटर्न'च्या शिकवण्यांतून डॉक्टर-इंजिनिअर झाली, आणि ते चांगलेच झाले. पण बोटांच्या टोकांवर असलेली मापे कुठे लिहून ठेवलेली नाहीत. नांदेडला श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे, लातूरला पुरणमल लाहोटी तंत्रनिकेतन आहे, दोन्हीकडे आयटीआय आहेत. तेथल्या मुलांनी सुट्टीत जुन्या मिस्त्रींकडे बसून कोणत्या इंजिनाला कोणता फिल्टर, त्याची उंची किती, वॉशर कोणत्या क्रमाने, एवढे मोजून मराठीत लिहून काढले, तर चार पानांची पुस्तिका होईल. तिला सरकारी योजनेची गरज नाही. आणि फिल्टर बनवणाऱ्यांनीही खोक्यावर देवादिकांची चित्रे आणि सिंहाचे तोंड छापण्याऐवजी इंजिनाचा प्रकार, सालमर्यादा आणि मापे छापावीत, ही मागणी ग्राहकाने दुकानात मोठ्याने करायला हवी.

तोवर पुढच्या वेळी तेल बदलाल तेव्हा जुना फिल्टर फडक्यात गुंडाळून खिशात घाला, दुकानात नव्याशेजारी उभा करा, आणि जुळला नाही तर तो परत करा. मिस्त्रींनी पोकळीत तेल भरले का, ते उभे राहून पाहा. आणि त्यांनी ते न सांगता केले असेल, तर मजुरीत घासाघीस करू नका.