गाळलेलें पाणी व शुद्ध पाणी

वस्त्रानें गाळूनच पाणी प्यावें, हा आपला जुना आचार. नारूच्या अळ्या वाहणारा सायक्लॉप्स हा सूक्ष्म जलजीव दाट कापडांत अडकतो. २००० सालीं भारत नारूमुक्त ठरला, त्यांत या गाळण्याचाहि वांटा होता. सांप्रत प्रवासांत नेण्याजोगी नळीसारखी गाळणी मिळते. तिच्या पोकळ तंतूंचीं छिद्रें बहुधा मिलिमीटरच्या पांचहजाराव्या भागाएवढीं. त्यांत विषमज्वराचे व पटकीचे जंतु अडतात. परंतु काविळीचे विषाणु त्याहूनहि सूक्ष्म असल्यानें सुखेनैव पार होतात. तस्मात् यात्रेस निघालेल्या गृहस्थानें गाळणी अवश्य न्यावी. मात्र चूल जवळ असतां पाणी खळखळून उकळण्याचा आळस करूं नये, लेंकरांकरितां तर मुळींच नये. पाणी डोळ्यांस निर्मळ दिसलें, म्हणजे तें निर्दोष झालें असें नव्हे.