गटार योजना येईल तेव्हा येईल, आजच्या टँकरचं काय?

परवा पुन्हा एका पुढाऱ्याने भाषणात भुयारी गटार योजनेचं गाजर दाखवलं. टाळ्या पडल्या. मीही बातमी लावली. पण मित्रहो, वीस वर्षं मी हीच बातमी देतोय. कोटींचा आकडा तेवढा वाढतो, पाइप काही येत नाही.

हिशेब साधा आहे. अशा योजनांच्या आराखड्यात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी. आपल्या पंधरा हजार वस्तीचं झालं रोजचं सोळा लाख लिटर. मे महिन्यातले पर्यटक वेगळे. हे सगळं जातं कुठे? न्हाणीचं आणि स्वयंपाकघराचं उघड्या गटारातून व्हाळात, व्हाळातून खाडीत. संडासाचं 'सेफ्टी टँक'मध्ये.

या टाकीत फक्त गाळ खाली बसतो. वरचं पाणी जंतूंसकट शोषखड्ड्यात जातं. आणि आपला जांभा म्हणजे चाळण! चार पावलांवर शेजाऱ्याची विहीर. पावसात जमिनीतलं पाणी वर आलं की शोषखड्डा कुठला आणि विहीर कुठली? घराघरात पोटं बिघडली की आपण म्हणतो, हवा बदलली.

टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसायची असते. माझ्या घरची चौदा वर्षं उपसली नव्हती, हे आधीच कबूल करतो. गेल्या वर्षी तुंबली तेव्हा टँकर बोलावला. ड्रायव्हरला विचारलं, हे नेणार कुठे? तो हसला. "दादानू, तुमी पैसे दिया, बाकीचा इचारू नका."

विचारायची गरजही नव्हती. रात्री खाडीकाठी काय ओततात, ते वासावरून सगळ्यांना कळतं. सकाळी त्याच चिखलात आमच्या बायका तिसऱ्या, मुळे काढायला उतरतात. शिंपल्यातला जीव पाणी गाळून जगतो, म्हणजे पाण्यातली घाण त्याच्या पोटात. तेच आपल्या कालवणात आणि तेच पर्यटकांच्या थाळीत.

टँकरवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे. पण त्याला गाळ ओतायला कायदेशीर जागा आपण दिली का? जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा आहे, माझ्याएवढाच म्हातारा. तो कागदावर राहिला, कारण गाळ कुठे न्यायचा याचं उत्तर कोणी दिलंच नाही.

'पैसे नाहीत' हे कारण मला सांगू नका. बंगळूर विमानतळाजवळच्या देवनहळ्ळीत २०१५ साली रोज सहा हजार लिटर गाळाचा छोटा प्रकल्प सुरू झाला. गाळ टाकीत कुजवायचा, वाळूच्या वाफ्यावर सुकवायचा, खत करायचं. आपल्याकडच्या पावसात वाफ्यांवर पत्रे घालावे लागतील, एवढंच. लांब कशाला, आपल्या राज्यात वाई आणि सिन्नर आहेत. तिथे दर तीन वर्षांनी घरोघरच्या टाक्या ठरवून उपसण्याचं वेळापत्रक केलं आणि गाळासाठी प्रकल्पही उभारले. त्यांना जमलं, आपल्याला का नाही?

आता आपलंही बोलू. जागेचा विषय निघाला की 'आमच्या वाडीत नको' म्हणणारे आपणच. टाकीचा जादा पाइप रात्री गटाराला जोडणारेही आपणच. वर्षाला थोडा कर वाढला तर बोंब मारणारेही आपणच.

माझा गटार योजनेला विरोध नाही. येऊ दे खुशाल. पण तोवर नगरपंचायतीने तीन कामं करावीत. सगळ्या टाक्यांची नोंद, हॉटेलं आणि होमस्टे धरून. उपसण्याचं वेळापत्रक. आणि गाळासाठी वस्तीपासून, विहिरींपासून लांब एक जागा. यासाठी गावभर रस्ते खणावे लागत नाहीत.

पुढच्या प्रचाराला कोणी कोटींचे आकडे घेऊन दारात आलं, तर चहा जरूर द्या. पण आधी एवढंच विचारा: साहेब, आज रात्रीचा टँकर कुठे रिकामा होणार?