स्कॅन केलं, पण पाहिलं का?

भाजीच्या गाडीपासून इस्पितळाच्या तळघरापर्यंत ‘स्कॅन’ हा शब्द आपल्यात इतका मुरलाय की त्याला परका म्हणणं जिवावर येतं. ‘काका, स्कॅनर कुठाय?’ हे अस्सल मराठी वाक्य झालंय. पण या क्रियापदाच्या पोटात एकमेकांच्या अगदी उलट असे दोन अर्थ नांदतात. एक, कसून तपासणं. दुसरा, वरवर नजर फिरवणं. इंग्रजी शब्दकोश दोन्ही देतात. मला त्यातला जुना अर्थ फार मोलाचा वाटतो.

मूळ लॅटिन. ‘स्कांदेरे’ म्हणजे चढणं. उडी घेणं या अर्थाचा संस्कृतातला ‘स्कन्द्’ धातू याच कुळातला, म्हणजे कार्तिकेयाचं स्कंद हे नाव या शब्दाच्या नात्यातलं. लॅटिन कवितेची ओळ म्हणताना पाय उचलून-टेकवून ठेका धरायचा, ओळ पायरीपायरीने चढायची. चौदाव्या शतकाच्या अखेरीस हे क्रियापद इंग्रजीत आलं ते या मोजणीसाठीच. आधी ते ‘स्कँड’ होतं. शेवटचा ‘ड’ भूतकाळाचा प्रत्यय समजला गेला आणि बहुधा त्यामुळेच गळून पडला.

ही मोजणी आपण शाळेत केलेली आहे. ‘यमाताराजभानसलगम’ घोकायचं आणि वहीत अक्षरांच्या डोक्यावर लघु-गुरूच्या खुणा करत जायचं. ‘मराठी’ घ्या: म लघु, रा गुरू, ठी गुरू, झाला यगण. ‘सकाळ’ जगणात जातो. ‘पत्र’मधला प ऱ्हस्व दिसला तरी पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो, म्हणून तो गुरू, ‘तुझ्या’मधल्या तु वर आघात नाही, म्हणून तो लघुच. हे नुसती नजर टाकून कळत नाही, म्हणून नीट पाहावं लागतं. एक अक्षर निसटलं की वृत्त हाती लागत नाही. आपणही कवितेच्या ओळीला ‘चरण’च म्हणतो, हे मला विलक्षण वाटतं.

सोळाव्या शतकात ही अक्षर न् अक्षर तपासण्याची शिस्त कवितेबाहेर पडली आणि स्कॅन म्हणजे कुठल्याही गोष्टीची बारीक छाननी असा अर्थ रूढ झाला. शेक्सपिअरचा हॅम्लेट प्रार्थनेला बसलेल्या काकाच्या पाठीमागे तलवार घेऊन उभा आहे. आत्ता मारलं तर हा पापी थेट स्वर्गात जाईल, ही गोष्ट तपासून पाहायला हवी, असं तो स्वतःला बजावतो आणि तलवार आवरतो. तिथे शेक्सपिअरने हेच क्रियापद वापरलंय. वरवर नजर टाकणारा माणूस त्या क्षणी थांबलाच नसता.

‘भरभर चाळणं’ हा अर्थ विसाव्या शतकातला. गंमत म्हणजे त्याच शतकात यंत्रांनी जुना अर्थ उचलला. टीव्हीचं चित्र ओळीमागून ओळ उमटू लागलं. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन काढला. अनेक कोनांतून क्ष-किरण सोडायचे आणि मेंदूचा एकेक पातळ काप मोजून उभा करायचा. 1979 साली ॲलन कॉर्मॅक यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे एकही जागा न गाळण्याचं व्रत यंत्राने सांभाळलं आणि चाळून पुढे जाणं माणसाच्या डोळ्याने घेतलं. ही वाटणी मला मुळीच मान्य नाही.

दुकानातला क्यूआर कोड 1994 साली जपानच्या डेन्सो कंपनीत तयार झाला. तीन कोपऱ्यांतल्या चौकोनांवरून मोबाइल त्याची दिशा ओळखतो, मग आतला काळा-पांढरा ठिपका न् ठिपका वाचतो. कागद थोडा फाटलेला असला तरी चालतं. पण तो कोड त्याच दुकानदाराचा आहे का, हे मोबाइलला कळत नाही. खऱ्या कोडवर दुसऱ्याचा कागद चिकटवून पैसे लाटणारे आहेत. यंत्राने आपलं काम केलेलं असतं. पडद्यावर आलेलं नाव वाचणं हे आपलं काम.

तेव्हा पिन टाकण्याआधी ते नाव अक्षर अक्षर वाचा, शंका आली तर दुकानदाराला विचारा. आणि ‘पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही.