नफा आधी निघून जातो

बार्शीटाकळीच्या शिवारात कापूस आजही पिकतो. तो कातून विणणाऱ्या वऱ्हाडातील जुन्या गिरण्यांचे भोंगे मात्र थंडावले आहेत. अकोल्याची सावतराम मिल, अचलपूरची विदर्भ मिल ही नावे आता वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातच उरली आहेत. गिरण्या तोट्यामुळे बुडाल्या, असे आपणांस सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. तोटा हा शेवटचा अंक. त्याआधीच्या अंकांत नफा होता. तो कोठे गेला, हा खरा प्रश्न आहे.

नागपूरच्या एम्प्रेस मिलचे उदाहरण घ्या. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. आरंभीची यंत्रे स्वस्तातली होती. ती त्यांनी बदलली; लँकेशायरचे मालक नव्या रिंग चात्यांकडे साशंकतेने पाहत असताना त्या नागपुरात बसवल्या. १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी उभारला, १८९५ पासून अपघाताची भरपाई दिली. हा काही समाजवाद नव्हे. परंतु नफ्याचा काही हिस्सा यंत्रात आणि माणसांत परत घालावा लागतो, एवढे शहाणपण त्या भांडवलदारीत होते. हीच गिरणी १९८६ मध्ये राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली ती जर्जर होऊन, आणि २००२ मध्ये बंद झाली. तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. नफा खाजगी आणि तोटा सार्वजनिक, ही आपल्या मिश्र अर्थव्यवस्थेची जुनी रीत!

ही केवळ आपल्याच मुलखाची कथा नाही. रेमिंग्टन हे नाव आपल्याकडे टंकलेखन यंत्रामुळे परिचित आहे. त्या घराण्याचा मूळ धंदा बंदुकांचा. १८१६ पासून चालत आलेल्या या कारखान्याची १९५० साली निघालेली ८७० क्रमांकाची छऱ्याची बंदूक एक कोटीहून अधिक खपली. बंदुकीविषयी आम्हांस जिव्हाळा नाही. पण इतका खप असलेला कारखानाही बुडाला, हे ध्यानात घ्यावे. २००७ मध्ये सर्बेरस या गुंतवणूक संस्थेने तो विकत घेतला. पुढे कंपनीवर कर्जाचा डोंगर चढवण्यात आला आणि त्यातील काही पैशातून गुंतवणूकदारांची रक्कम आधी मोकळी करण्यात आली. २०१८ मध्ये व पुन्हा २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर झाली आणि मालमत्ता तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. न्यूयॉर्क राज्यातील इलियन गावचा मूळ कारखाना २०२४ मध्ये कायमचा बंद झाला. गावात पिढ्यान् पिढ्या घडलेले कसब कोणत्याच हिशेबात धरले गेले नाही.

यावर 'सरकारने ताब्यात घ्यावे' एवढेच उत्तर देऊन आपली सुटका होणार नाही. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईची फिनले मिल अचलपुरात नव्याने उभारली. २०२० च्या टाळेबंदीत तिचीही चाके थांबली. सरकारीकरण म्हणजे समाजीकरण नव्हे. मालक बदलला, पण हिशेबाची वही कामगारापासून दूरच राहिली.

कामगाराला हिशेब कळतो तो गिरणी बंद पडल्यावर, लेणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहताना. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने त्याच्या २४ महिन्यांच्या थकबाकीला तारणधारक धनकोंच्या बरोबरीचे स्थान दिले आहे. पण हा मेल्यानंतरचा वाटा. जिवंतपणीचा हक्क संविधानाच्या ४३क या अनुच्छेदात १९७६ पासून लिहिलेला आहे : व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग. तो मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणून न्यायालयात मागता येत नाही. चळवळीने मागावा लागतो.

तेव्हा कार्यकर्त्यांनी वेतनवाढीच्या मागणीपत्रात आणखी एक कलम घालावे. घसारा निधी किती ठेवला, लाभांश किती वाटला, कर्ज कशासाठी काढले, याचा हिशेब दरवर्षी कामगारांच्या निवडलेल्या प्रतिनिधींपुढे मांडला गेला पाहिजे. ताळेबंद वाचणे हे कारकुनी काम नव्हे. तोही लढ्याचाच भाग आहे. टाळे लागल्यावर दारात धरणे धरण्यापेक्षा, नफा दाराबाहेर पडत असताना त्याला हटकणे अधिक शहाणपणाचे आहे.