न मोजलेलं मूल

आमच्या गावाचं नावच मूल. इथून गडचिरोलीकडे जाणारा रस्ता जंगलातून जातो. त्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं एक साधी गोष्ट दाखवून दिली: जो मृत्यू मोजला जात नाही, तो टाळलाही जात नाही.

गावातल्या आरोग्यदूत बायांनी घरोघरच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवल्या, नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. ३९ गावांत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं छापलं. पुढे 'कोवळी पानगळ' या अहवालानं सरकारी आकड्यांबाहेर राहिलेले बालमृत्यू राज्यापुढे मांडले.

तरी एक गफलत उरतेच. दोन श्वास घेऊन गेलेलं बाळही 'मेलेलंच जन्मलं' म्हणून लिहिलं जातं. मृतजन्म आणि जन्मानंतरचा मृत्यू, या दोन्हींची कारणं सारखी नसतात, उपायही वेगळे. पोटातच गेलेल्या बाळासाठी गरोदरपणातला रक्तदाब, रक्तक्षय, मलेरिया पाहावा लागतो. जन्मून गुदमरलेल्यासाठी त्या मिनिटाला श्वास देणारे हात हवेत. १९६९ च्या कायद्यानुसार मृतजन्माचीही नोंद बंधनकारक आहे, हे किती घरांना ठाऊक आहे?

म्हणून बाळ गेल्यावर गावची आशा स्वयंसेविका दारात आली, की आईला दोष न देता तीन प्रश्नांची उत्तरं खरी सांगा: बाळ रडलं का? हललं का? श्वास घेतला का? नाव ठेवण्याआधी गेलेलं मूलही मोजलं गेलं पाहिजे.