चूक दिसता कामा नये

काही वर्षांपूर्वी उत्तर भारतातील एका जिल्ह्यात कार्यरत असताना मी एक तोंडी आदेश दिला होता. त्याची नोंद कोणत्याही नस्तीत नाही. म्हणूनच त्याची जबाबदारी येथे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

वृद्धांच्या निवृत्तिवेतन अर्जांवरील निर्णयपत्रे आमच्या कार्यालयात संगणक तयार करीत असे. पत्राचा मसुदा एकच. नाव, गाव, रक्कम या मोकळ्या जागा संगणकाने भरायच्या. अशा मसुद्याला टेम्प्लेट म्हणतात आणि त्याची स्वतःची एक छोटी भाषा असते. आमची टेम्प्लेट २००५ साली खुल्या झालेल्या जँगो या प्रणालीत लिहिलेली होती. तीत एक परिच्छेद फक्त अर्ज नामंजूर झाल्यास छापायचा होता: नामंजुरीचे कारण काय, अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे. परिच्छेदाच्या आरंभी ‘इफ’ची अट आणि शेवटी ‘एंडइफ’.

एके सकाळी सर्वच पत्रे थांबली. कोणी तरी या परिच्छेदाची भाषा वर्ड प्रोसेसरमध्ये सुधारून परत टेम्प्लेटमध्ये चिकटवली होती. वर्ड प्रोसेसर सरळ अवतरणचिन्हांची आपोआप वळणदार चिन्हे करतो. माणसाला दोन्ही सारखीच. जँगोला मात्र वळणदार चिन्हाचा अर्थ लागत नाही. शिवाय जँगो टेम्प्लेट आधी संपूर्ण वाचतो, मगच पत्र तयार करतो. त्यामुळे दोष नामंजुरीच्या परिच्छेदात असूनही मंजुरीची पत्रेही अडली. पडद्यावर चुकीचे इंग्रजी पान झळकू लागले. दुपारी वरिष्ठांची पाहणी होती. मी प्रोग्रामरला सांगितले, “पाहणीच्या आधी ही चूक दिसता कामा नये.”

अर्ध्या तासात ती दिसेनाशी झाली. पाहणी उत्तम पार पडली.

तीन आठवड्यांनी एक वृद्धा पत्र घेऊन आल्या. अर्ज नामंजूर झाल्याचे वाक्य होते, खाली स्वाक्षरी होती, मध्ये काहीच नव्हते. “का नाकारले, एवढेच सांगा,” असे त्या म्हणाल्या.

शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. ‘कॉमेंट’ आणि ‘एंडकॉमेंट’ या दोन खुणांमधला मजकूर जँगो वाचतच नाही. प्रोग्रामरने तो परिच्छेद अटीसकट या खुणांमध्ये ठेवला होता. मी जाब विचारताच तो नम्रपणे म्हणाला, “साहेब, चूक दिसू नये असा आपला आदेश होता.” त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. चूक दुरुस्त करा, असे मी म्हटलेच नव्हते.

ज्यांना मंजुरी मिळाली त्यांची पत्रे परिपूर्ण होती, म्हणून कोणी तक्रार केली नाही. ज्यांना नकार मिळाला, त्यांच्याच पत्रातून नकाराचे कारण आणि अपिलाची वाट नाहीशी झाली होती. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(घ) नुसार प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना देणे हे आपले कर्तव्य आहे. ते मी मोडले, आणि तेही कोणत्याही दुष्ट हेतूशिवाय.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की ओरडणारी चूक ही प्रशासनाची हितचिंतक असते. जँगोचा चुकीचा संदेश बहुधा ओळ क्रमांकासह नेमका शब्द दाखवतो. ‘इफ’ बंद करायचे राहिले तर ते कोणत्या ओळीवर उघडले हेही सांगतो. भीती बाळगावी ती मूक चुकीची. टेम्प्लेटमधील एखाद्या जागेचे नाव चुकीचे लिहिले गेले, तर जँगो सहसा तक्रार न करता ती जागा कोरी सोडतो. आपल्या मासिक अहवालांतील कोरे रकानेही असेच निमूटपणे पुढे सरकत नाहीत काय?

म्हणून अधिकाऱ्यांना माझे सांगणे थोडके आहे. संदेश पूर्ण वाचला का, हे आधी विचारावे. दोष सापडेपर्यंत शेवटचे बदल एकेक करून मागे घ्यावेत. दुरुस्तीनंतर मंजुरीचे एक आणि नामंजुरीचेही एक पत्र छापून स्वतः वाचावे. चुकीचे सविस्तर पान नागरिकांना दिसू नये हे खरे, कारण त्यातून यंत्रणेची अंतर्गत माहिती बाहेर जाते. पण त्याची नोंद प्रोग्रामरपर्यंत पोहोचलीच पाहिजे. आणि पाहणीच्या दिवशी काही बंद असेल तर ते बंद आहे असे सांगण्याचे धैर्य आपल्यात हवे.

त्या काळातील सर्व नामंजूर अर्जदारांना आम्ही पुन्हा पत्रे पाठवली आणि अपिलाची मुदत नव्या पत्राच्या तारखेपासून मोजली. त्या वृद्धांच्या नव्या पत्रात कारण होते: वयाचा पुरावा जोडलेला नाही. तो पुरावा त्यांच्या घरातील पेटीत होता. तीन आठवडे तो कोणी मागितलाच नव्हता.