लग्नाच्या गावाला गेलं की

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे पत्रिका येऊ लागतात. पत्रिका हातात पडली की आपण काय करतो? आधी तारीख बघतो, मग मुलांच्या परीक्षा, मग कपाटातल्या साड्या. गाव कोणतं आहे ते शेवटी बघतो, आणि तेही गाडी कुठली मिळेल एवढ्यापुरतंच!

परवा एका वाचक भगिनीचं पत्र आलं. नणंदेच्या मुलीचं लग्न कोल्हापुरात, मुक्काम चार दिवस. त्या लिहितात, "लग्नघरी उतरून आम्ही फिरायला गेलो तर नणंदबाईंना काय वाटेल? नाही गेलो तर मुलं हिरमुसतील. ह्यांना तर तांबडा-पांढरा रस्सा खायचाच आहे. काय करावं?" पत्र मी दोनदा वाचलं. नणंदबाई आल्या, मुलं आली, 'हे' आले. बाईंना स्वतःला काय बघायचंय, ते पत्रात कुठेच नाही.

कोल्हापूर माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. आमचे मधले दीर तिथे स्थायिक झाले, त्यामुळे मुंज, वास्तुशांत आणि मुलांची लग्नं मिळून पाच कार्यांना आम्ही जाऊन आलो. म्हणून या खेपेला कोल्हापूरचंच सांगते.

आधी नणंदबाईंचं बघू. लग्नघरातली माणसं रुसतात ती तुम्ही फिरायला गेलात म्हणून नव्हे, न सांगता गेलात म्हणून. दुपारी पंगत मांडलेली, आणि दहा पानं रिकामी! मग कळतं की मंडळी मिसळ खायला गेलीत. यजमानीणबाईंच्या मनात येणारच, की आमच्या घरचं अन्न गोड लागलं नाही का? शिवाय आचाऱ्याला आकडा आदल्या दिवशी द्यावा लागतो आणि पैसे ताटावर मोजले जातात. तेव्हा आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन सांगा, "वन्सं, उद्या सकाळी आम्ही आठजण बाहेर आहोत, जेवायला आमची पानं धरू नका, चारपर्यंत परत येतो." निरोप मुलांकरवी पाठवू नका. आणि चार म्हणजे चार! परत आल्यावर साडी बदलून आधी विचारा, काय करायचं राहिलंय. जाताना त्यांच्या घरातलं एखादं माणूस सोबत नेलं तर फारच बरं. वरमाईची धाकटी बहीण, नाहीतर वाटा माहीत असलेला भाचा. म्हणजे ती पाहुण्यांची सहल न राहता घरचीच होते.

दुसरं सांगायचं ते माझ्या फजितीवरून. दिरांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात, हळदीच्या संध्याकाळी, आम्ही चौघीजणी रंकाळ्यावर गेलो. तळ्याकाठी वारा छान, गप्पा रंगलेल्या. भेळ झाली, पाणीपुरी झाली, वर बर्फाचा गोळा झाला. रात्रीपासून जे सुरू झालं ते विचारू नका. सख्ख्या पुतणीची मंगलाष्टकं मी कार्यालयाच्या मागच्या खोलीत, कॉटवर पडून ऐकली. अक्षता टाकायला उठले ती दोघींच्या खांद्यावर हात ठेवून. गाडीवाल्याला दोष देत नाही. दिवसभर उपाशी, उन्हातली धावपळ आणि मग हा सगळा मारा, पोटाने तरी काय करावं?

तेव्हापासून आमच्या घरात ठरलंय, लग्नाआधी जवळचं आणि ओळखीचं, लग्नानंतर लांबचं आणि झणझणीत. अक्षता पडेपर्यंत बाहेरचं पाणी, बर्फ, कापून ठेवलेली फळं, उघड्यावरच्या चटण्या नकोतच. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी समोर पिळून फेसाळ दूध देतात, ते बघायला जरूर जा. पण कच्चं दूध लहान मुलांना, गरोदर मुलीला किंवा म्हाताऱ्या माणसांना देऊ नका, कितीही ताजं असलं तरी. मला विचाराल तर आपणही तापवलेलंच प्यावं. आणि पर्समध्ये मीठ-साखरेची पुडी असू द्या. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जुलाब लागले तर हे थोडं थोडं पाजत राहायचं. लघवी कमी झाली, गुंगी आली किंवा शौचात रक्त दिसलं, तर मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नका, डॉक्टर गाठा.

आता फिरण्याकडे वळू. लग्नाच्या आदल्या दिवशी दोन तास मिळाले तर अंबाबाईचं दर्शन घ्या. पहाटे गेलात तर निवांत होतं. मंगळवार, शुक्रवार आणि सुट्टीचे दिवस टाळता आले तर टाळा. नोव्हेंबरात किंवा जानेवारीच्या अखेरीस लग्न असेल तर किरणोत्सवाच्या तारखा विचारून ठेवा. त्या संध्याकाळी मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यात शिरतात, आणि आकाश स्वच्छ असेल तर देवीच्या पायांपासून वर वर चढत मुखापर्यंत येतात. गर्दी अर्थातच फार असते. दर्शन झालं की महाद्वार रोड समोरच आहे. कोल्हापुरी साज, चपला, गूळ, मसाला, काय हवं ते. फक्त नवी चपल लग्नात घालायचा मोह आवरा! कोरी कोल्हापुरी पहिले काही दिवस चावतेच. घरी नेऊन आतून खोबरेल लावा, रोज थोडा वेळ घाला आणि पाण्यापासून जपा.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बहुतेक घरांत सत्यनारायण असतो. तेव्हा तांबडा-पांढऱ्याचा बेत पूजा आणि प्रसाद आटोपल्यावरच ठेवा. ज्यांच्याकडे चालतं त्यांनीसुद्धा! मटणाच्या वासासकट पूजेच्या घरात शिरणं बरं दिसत नाही. पांढरा रस्सा म्हणजे मटणाचं पाणी आणि नारळाचं दूध. दिसायला सौम्य, पण मिरीचा झटका मागून येतो. मुलांना आधी चमचाभरच द्या. मिसळीचा कट वेगळा मागून घ्या आणि आपल्या झेपेप्रमाणे ओता. कोल्हापूरकरांशी तिखटाची पैज लावू नये, हे मी अनुभवाने सांगते.

पन्हाळा वीसेक किलोमीटरवर. गडावर बहुतेक ठिकाणी गाडी जाते, त्यामुळे वडीलधाऱ्यांनाही जमतं. अंबरखाना म्हणजे धान्याची कोठारं, नावं गंगा, यमुना, सरस्वती. आपल्या डब्यांना आपण नावं देत नाही, पण ती दगडी कोठारं बघून धान्य साठवणाऱ्या कुठल्याही बाईला आत शिरून अंदाज घ्यावासा वाटतोच. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा शिवाजी महाराज पावसाळ्याच्या रात्री इथूनच विशाळगडाकडे निसटले. बाजीप्रभूंची गोष्ट मुलांना पुस्तकातून ठाऊक असते, ती इथे उभं राहून सांगा. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत पन्हाळा आहे. गडावर बायका चुलीवरचा झुणका, भाकरी, खर्डा आणि दही विकतात. लग्नातल्या गोडाधोडाने जीभ बसलेली असते, तेव्हा ही भाकरी काय लागते म्हणून सांगू! ज्योतिबा तिथून जवळ. पण तिथे गुलाल उधळतात, म्हणून ठेवणीतली साडी नेसून जाऊ नका. नवी जोडपी दर्शनाला जातात, त्यांच्याबरोबर जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

आता मला जे खरं सांगायचंय ते.

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळे अक्का म्हणतात. कार्य कुणाचंही असो, कोठीच्या किल्ल्या अक्कांच्या कमरेला. नारळ किती, लाडू किती, आहेराच्या साड्या किती, सगळं त्यांच्या डोक्यात. पाचही कार्यांना त्या कोल्हापूरला आल्या होत्या. शेवटच्या लग्नानंतर पन्हाळ्याचा बेत ठरला आणि कोण कोण येणार म्हणून पोरं मोजायला लागली. अक्कांना कुणी विचारलंच नाही. त्यांचे गुडघे दुखतात, हे सगळ्यांना माहीत. त्याही म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मला लाडूंचे डबे भरायचेत."

मी सहज विचारलं, "अक्का, तुम्ही कोल्हापुरात काय काय बघितलंय हो?"

त्यांनी जरा विचार केला. "अंबाबाई बघितली. दोन कार्यालयं बघितली. भाजी मंडई चांगली आहे इथली."

मला एकदम लाज वाटली. ते डबे काय मला भरता आले नसते?

तरुण मंडळी पन्हाळ्याला गेली. दुसऱ्या दिवशी अक्का, मी आणि दिरांच्या शेजारच्या एक बाई, अशा तिघी छोटी गाडी ठरवून नृसिंहवाडीला निघालो. वाटेत जयसिंगपूरला भडंग घेतलं. प्रवासाला याच्यासारखा खाऊ नाही, कोरडा, न विटणारा. कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावरची ही वाडी. दत्ताच्या पादुका खाली घाटावर, पायऱ्या उतरून. अक्का कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत उतरल्या. घाई कुणालाच नव्हती. वाडीची बासुंदी तिथेच बसून खाल्ली. ती बांधून न्यायची असेल तर बर्फात ठेवून त्याच दिवशी संपवा. घरी नेण्यासाठी पेढे आणि कवठाची बर्फी बरी. लग्नघरच्या बाईसाठी एक पुडा वेगळा घ्यायला विसरू नका, ती चार दिवस घराबाहेर पडलेली नसते. स्वच्छतागृहाचं काम वाडीतच आटोपून घ्या, पुढे आडगाव आहे.

तिथून आम्ही खिद्रापूरला गेलो, कोपेश्वराच्या देवळात. कृष्णेकाठचं हे देऊळ बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या वेळचं. खालच्या थरात हत्तींची रांग, भिंतींवर कोरलेल्या मूर्ती, त्यांतल्या बऱ्याच फोडलेल्या. पुढे स्वर्गमंडप आहे. ४८ खांब, आणि छताच्या मध्यभागी मोठा गोल मोकळा ठेवलेला. बरोबर त्याच्याखाली जमिनीवर गोल शिळा. तिथे उभं राहून वर बघितलं की खांबांच्या कड्यातून नुसतं आभाळ.

शेजारच्या बाईंनी गोष्ट सांगितली. महादेवाचं देऊळ, पण समोर नंदी नाही. दक्षाने यज्ञ मांडला, लेकीला आणि जावयाला बोलावणं केलं नाही. तरी सती माहेरच्या ओढीने नंदीवर बसून गेली. तिथे अपमान झाला, तिने अग्नीत उडी घेतली. तो कोप झालेला शंकर म्हणजे हा कोपेश्वर. नंदी तिच्याबरोबर गेला तो गेलाच, नदीपलीकडे कर्नाटकातल्या यडूरला आहे म्हणतात.

अक्का ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे कार्यालाच गेली होती बिचारी." आणि गुडघे धरत त्या शिळेपाशी खाली बसल्या. डोकं मागे करून वर बघत राहिल्या. मी म्हटलं, मान दुखेल. तर म्हणाल्या, "दुखू दे गं. इतकी वर्षं हे इथंच होतं?"

इथंच होतं. आमच्या दिरांच्या घरापासून साठेक किलोमीटरवर, पाच कार्यं होईपर्यंत.

डबा उघडून बाहेर झाडाखाली बसलो. लग्नातल्याच उरलेल्या पुऱ्या आणि लोणचं. अक्कांनी नेहमीसारखं आम्हाला आधी वाढायला हात पुढे केला, तेव्हा शेजारच्या बाईंनी डबाच काढून घेतला. चारच्या आत परत पोहोचलो. लाडूंचे डबे तसेच पडले होते. मी आणि दिरांच्या सुनेने मिळून रात्री भरले. मोजणीत सहा कमी आले, त्यावरून अक्कांनी आम्हाला भरपूर बोलून घेतलं.

तर पत्र पाठवणाऱ्या भगिनी, 'ह्यां'ना रस्सा मिळेल, मुलांना गड मिळेल. तुम्ही मात्र आत्ताच एक अर्धा दिवस स्वतःच्या नावाने काढून ठेवा, आणि तुमच्या त्या लग्नघरात किल्ल्या कुणाच्या कमरेला आहेत ते बघा. त्यांनाही गाडीत घ्या. गुडघे दुखतात म्हणतील, काम आहे म्हणतील, मला काय करायचंय म्हणतील. एकदा नाही, तीनदा विचारा.

मागच्या आठवड्यात अक्कांचा फोन आला. वाईला नात्यातली मुंज आहे. आहेराचं, गाडीचं बोलून झाल्यावर जरा थांबून म्हणाल्या, "वाईला घाटावर मोठा गणपती आहे ना गं? आणि ते मेणवली, नाना फडणवीसांचा वाडा, ते तिथून किती लांब?"

म्हटलं, "अगदी जवळ, अक्का. सकाळचा फराळ करून निघालो तर पंगतीला परत. पण कोठीचं काय?"

"धाकटीकडे देते किल्ल्या," त्या म्हणाल्या. "तिला मोजता येतं. तुझ्यासारखं नाही."